मिसिसिपीकाठची उतावळी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. तुम्ही म्हणाल, दुर्बिणीला कसली आलीय घाई? अहो, जिचं सगळं आयुष्य 'कुठे दिसतोय का, कुठे दिसतोय का' करण्यात गेलं, तिला खुंटीवर टांगून ठेवलं तर तिचा जीव कासावीस होणार नाही का?

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्या पोटात काचेचे लोलक बसवले, दोन्ही नळ्यांची नजर जुळवली आणि मला पेटीत घातलं. पेटी उघडली ती थेट मिनेसोटात, मिसिसिपी नदीकाठच्या एका छोट्या गावात. आर्विड टॉलेफसन नावाच्या सुताराने मला विकत घेतलं होतं. त्याला रानातला पांढऱ्या डोक्याचा गरुड बघायचा होता.

तेव्हा आमच्या भागात गरुड उरले होते कुठे? शेतांवर फवारलेलं कीटकनाशक औषध पाण्यात, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांच्या पोटात जायचं. त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की आई बसली की फुटायची. आम्ही दोन हिवाळे नदीकाठ पालथा घातला. एकदा आर्विड ओरडला, "बर्निस, सापडला! पळ लवकर!" त्याची बायको धापा टाकत आली, माझ्यातून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ती प्लास्टिकची पिशवी आहे. फांदीला अडकलीय." मग काय, वर्षभर गावातले लोक त्याला विचारत होते, "काय आर्विड, पिशवीने अंडी घातली का?"

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र खरा गरुड दिसला. एवढा मोठा माणूस, पण ढसाढसा रडला. माझ्या काचा ओल्या झाल्या आणि मला पुढचं काही दिसेना. मी इतकी खूश पुन्हा कधी झाले नाही.

पुढे ते औषध बंद झालं आणि गरुड वाढले. लोक मला मागून मागून न्यायचे, "टॉलेफसनची दुर्बीण म्हणजे काय, पिसं मोजून घ्या!" म्हणायचे. मग एकदा मी बर्फावर आपटले, आत पाणी शिरलं आणि माझी उजवी बाजू धुरकट झाली. त्यानंतर दोन वर्षांनी आर्विड गेला. बर्निसने मला स्वयंपाकघरातल्या दारामागे टांगलं. ती बटाट्याच्या पोळ्या लाटायची आणि पीठ माझ्या अंगावर बसायचं. तिची नणंद लव्हॉन हिने तिपाईवरची मोठी दुर्बीण घेतली होती. येता-जाता ती मला बोट लावायची. "वहिनी, हे भंगार कशाला ठेवलंयस गं?" माझा असा संताप व्हायचा!

गेल्या मार्चमधली गोष्ट. होड्या उतरवायला नवा धक्का बांधायचा म्हणून काठावरची कॉटनवुडच्या उंच झाडांची रांग तोडायचं ठरलं. रांगेच्या टोकाला गरुडांचं घरटं होतं. घरट्यात जोडी अंड्यांवर बसली असेल तर पिल्लं उडेपर्यंत आसपास करवत चालवता येत नाही. घरटं रिकामं असेल, तर काम सुरू. हे बघायचं काम दरवर्षी गरुड मोजणाऱ्या या नणंद-भावजयीकडे आलं. गाडीत बसून तीन वेळा, दरवेळी वीस मिनिटं बघायचं आणि दोघींनी कागदावर सही करायची, अशी पद्धत.

तिन्ही वेळा लव्हॉनने तिच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं. पांढरं डोकं काही दिसलं नाही. दिसलं ते तपकिरी डोकं. गरुडाचं डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. लव्हॉन म्हणाली, "उनाड पोर आहे, दुसऱ्याच्या घरात लोळतंय. लिहिते, रिकामं." बर्निसने सही केली खरी, पण तिला चैन पडेना. रात्रभर पलंग करकरत होता आणि दारामागे मीही जागीच होते.

शनिवारी सकाळी तिने मला खुंटीवरून ओढलं, गळ्यातल्या रुमालाने पुसलं आणि नदीवर नेलं. लव्हॉन आधीच आली होती. मुकादम कर्ट आणि त्याची माणसं करवती उतरवत होती.

"कर्ट, मला अजून वीस मिनिटं दे," बर्निस म्हणाली.

"बाई, सही तुमचीच आहे ना कागदावर?"

"आहे. म्हणून तर मागतेय."

"माझी कॉफी संपेपर्यंत," असं म्हणून तो थर्मास उघडून बसला.

"वहिनी, हसं करू नकोस," लव्हॉन पुटपुटली. "आधी दादाची पिशवी, आता तुझं हे."

बर्निसने कोपर गाडीच्या काचेवर टेकवले, उजवा डोळा मिटला आणि माझ्या डाव्या बाजूने बघू लागली. मोठ्या दुर्बिणीत नुसतं घरटं मावतं. माझ्यात घरटं, नदी आणि बर्फ, सगळं एकदम दिसतं. कर्टने दुसरा कप ओतला. मला वाटत होतं, ओरडून सांगावं, अगं, डावीकडे बघ!

आणि तिने बघितलं. बर्फावरून, पाण्याला लागून, पांढऱ्या डोक्याचा एक गरुड चोचीत सुकं गवत घेऊन येत होता. तो घरट्यावर उतरला. ते तपकिरी 'उनाड पोर' उठलं आणि बाजूला झालं. मग पांढऱ्या डोक्याच्या गरुडाने नखं आत मुडपली, पाय जपून टाकले आणि डावी-उजवीकडे डुलत डुलत तो खाली बसला. अंड्यांवर असंच बसतात. ते पोर कुणाच्या घरात लोळत नव्हतं. ते त्याचंच घर होतं; कधीकधी डोकं पांढरं व्हायच्या आधीच गरुड संसार थाटतात.

"लव्हॉन, बघ," बर्निसने मला पुढे केलं.

लव्हॉनने स्वतःच्या दुर्बिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला डोळ्याला लावलं.

"मी पांढरं डोकंच शोधत बसले गं," ती म्हणाली. "तीनदा ती तपकिरी मादी अंड्यांवर बसलेली होती, आणि मी तीनदा रिकामं लिहिलं."

तिने कर्टच्या हातून कागद घेतला, 'रिकामं' खोडलं आणि कारण म्हणून स्वतःची चूक स्वतःच्या हाताने लिहिली. कर्टने कप झटकला. "म्हणजे आम्हाला जुलैपर्यंत सुट्टी! बघू तरी द्या, कोण आमच्या पोटावर पाय देतंय ते." त्याने पाहिलं आणि टोपी काढली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसून ठेवा, एवढं तर मी सांगणारच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. कुणी घाईघाईने कुठेही 'रिकामं' लिहू लागलं, तर त्याचा हात धरा. आणखी वीस मिनिटं थांबा म्हणावं. तिथे कुणीतरी अंड्यांवर बसलेलं असेल.