गणपतीच्या पॉइंटमागचा जोड

जान्हवीचा फोन आला तेव्हा दीड वाजला होता आणि गुणाजी घाटकोपरच्या खोलीत जेवून नुकताच आडवा झाला होता. सकाळी एसी बसला म्हणून लेक खुशीत होती. गणपती बसतो त्याच खोलीत, बाबा, तुम्ही केलेल्याच पॉइंटवर. नात गंधाली आजीजवळ गार हवेत गाढ झोपली आहे, एवढं सांगून ऑफिसातल्या मीटिंगसाठी तिने फोन ठेवला.

गुणाजी उठून बसला. मग उभा राहिला. मग पुन्हा बसला.

चाळीस वर्षं वायरमनकी केलेल्या माणसाने विसरू नये ते तो आठ महिने साफ विसरला होता. जान्हवीचं सासर मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगीत, भिंतीतून गेलेली वायर ॲल्युमिनियमची. गेल्या भाद्रपदात मखराला पॉइंट हवा होता. पुढेमागे एसी घेऊ, म्हणून तो मोठाच करून घेतला. नवी वायर तांब्याची. ती मेन बोर्डापासून ओढायची तर भिंत फोडावी लागणार, आणि भिंतीला कालच रंग लागलेला. उद्यावर गणपती आलेले असताना रंगवलेली भिंत कोण फोडतं? शिवाय याची गावची गाडी त्याच संध्याकाळची. त्याने पॉइंटमागच्या डबीत तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना पीळ देऊन जोडलं, वर टेप गुंडाळली आणि गावाहून आल्यावर नीट करू म्हटलं. आल्यावर कसचं काय.

तेव्हा मागे विहीणबाई उभ्या होत्या. माणिकबाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांना राहवलं नाही. धातूतले काही इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूला बांधलेले नसतात, मोकळे हिंडतात, म्हणून तर वीज वाहते, त्या म्हणाल्या. पण ॲल्युमिनियमवर हवेने जो पातळ थर धरतो, त्यातून त्यांना सहज जाता येत नाही. हा जोड तापेल. गुणाजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण सातवी पास माणसाला लेकीच्या देखत कुणी धडा द्यावा, हे त्याला झोंबलं.

"विहीणबाई, वायर पुस्तकात नसते, हातात असते," तो म्हणाला होता, आणि जान्हवी हसली होती.

मखराच्या माळांना वीज लागते ती केवढीशी. पाच दिवस जोडाने निभावून नेलं. एसीचं तसं नाही. जोड तापणार, ढिला पडणार, आणखी तापणार. आणि फ्यूजही उडणार नाही, कारण वीज काही जास्त ओढली जात नाही. थेट आगच लागणार. त्याच खोलीत दोन वर्षांची नात झोपलेली.

त्याने जान्हवीला फोन लावला. उचलला नाही. पवईला जावयाला लावला, तो बंद. घरात माणिकबाई होत्याच. त्यांचं नाव त्याने दोनदा काढलं आणि दोनदा फोन खिशात टाकला. आपण जाऊ, गुपचूप जोड बदलू, सहज आलो होतो म्हणू. पिशवीत पक्कड आणि टेस्टर टाकून त्याने रिक्षा केली.

भांडुपला रिक्षा अडकली ती अडकलीच. पुढे खोदकाम, मागे हॉर्न. गुणाजी उतरला, चार पावलं चालला, परत येऊन बसला. सव्वादोन झाले तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली आणि त्याने फोन लावला.

"विहीणबाई, मेन बंद करा. आत्ता. गंधालीला बाहेर घ्या."

त्या तशाच धावल्या. बटण पडल्याचा खटका त्याला फोनवर ऐकू आला.

तो पोचला तेव्हा घरात उकडत होतं. त्याने डबी उघडली. टेप वितळून काळी झाली होती, वायरीचं प्लास्टिक करपून मागच्या भिंतीला डाग पडला होता. माणिकबाई टॉर्च धरून उभ्या होत्या.

"तुमचंच खरं होतं," गुणाजी म्हणाला.

"ते राहू द्या. एसीचं तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. जान्हवीने संध्याकाळी वेळ सांगितलीच असती, म्हणून नव्हे, पण त्याच्याने ते झालं नाही.

"दीड वाजता."

माणिकबाईंनी टॉर्च बंद केला. "मी घरातच होते, गुणाजीराव," त्या म्हणाल्या.

घामाने जागी झालेली गंधाली दारात आली आणि आजोबांना बघून तिने दोन्ही हात वर केले. गुणाजीने तिला उचललं नाही. हात धुऊन येतो म्हणाला, आणि मोरीत नळ सोडून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.