ज्याला येत नाही, त्याच्या हाती खडू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. लोकांना उलटंच वाटतं. 'फळ्यापाशी ये' म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते, म्हणून फळा म्हणजे कुणी दांडगट असणार असा समज झालाय. पण सारा वर्ग माझ्याकडे बघत असतो तेव्हा मीही साऱ्या वर्गाकडे बघत असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मला चेहरे दिसतात. कुणाला कळलंय आणि कोण नुसती नंदीबैलासारखी मान हलवतंय, हे मला शिकवणाऱ्याच्याही आधी समजतं, कारण लिहिताना त्याची पाठ असते वर्गाकडे. आणि समजूनही बोलता येत नाही. याहून भीतीदायक गोष्ट जगात असेल तर मला माहीत नाही.

माझा जन्म बंगळुरातला. तीसेक वर्षांपूर्वी जयनगरातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या आवारात शंभूराज नावाच्या सुतारानं सागाची चौकट केली, प्लायवुडवर काळ्या रंगाचे तीन हात मारले आणि मला उन्हात उभं केलं. त्याचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन रुजलेलं. रंधा मारताना तो माझ्याशी मराठीत बोले आणि गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, म्हणून माझी भाषा ही अशी. मोठ्या वर्गात मला मान होता. एक म्हातारे प्राध्यापक तर तास संपला की हातानंच मला थोपटायचे आणि म्हणायचे, "आज खूप सोसलंस."

मग पडदे आले, प्रोजेक्टर आले. मला ग्रंथालयामागच्या छोट्या खोलीत हलवलं आणि भिंतीतल्या दोन लोखंडी हुकांवर टांगलं. त्या भिंतीला ओल आहे. डावा हुक पहिल्या वर्षापासून हलतो. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय, आणि हे मी उगाच म्हणत नाही. मोडकी बाकं, जुनी जर्नलं आणि मी, असे आम्ही कित्येक वर्षं पडून होतो. आठवड्यातून एकदा झाडायला रत्नाबाई यायच्या. ओलं फडकं माझ्यावरून फिरवत म्हणायच्या, "तुला कोण इचारत नाही, मला कोण इचारत नाही. सरी, चालतंय, बसू दोघं." बाई मोठी मायाळू. पण त्या ओल्या फडक्यानं माझा रंग पार विटवला, हेही खरं.

अशात एका रविवारी सकाळी शेवटच्या वर्षातला विश्वेश्वर दार ढकलून आत आला. त्याला म्हणे मुलांनी मुलांना शिकवायचा वर्ग काढायचा होता. मी मनात म्हटलं, झालं, आंधळ्याच्या काठीला आंधळा. पण पोरगं डोक्यानं पक्कं होतं. त्यानं पहिल्याच दिवशी नियम घातला: ज्याला येत नाही, त्याच्या हाती खडू. ज्याला येतं, त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं, खडूला शिवायचं नाही आणि विचारलं तर उत्तर न देता उलट प्रश्न विचारायचा. आल्या आल्या वह्या मिटायच्या आणि गेल्या रविवारचं जे आठवेल ते माझ्यावर आठवून लिहायचं, चुकलं तरी चालेल. पहिले काही आठवडे माझ्यावर जे काही उमटलं ते बघून मला लाज वाटायची. पण त्यातली बहुतेक मुलं पास झाली.

विश्वेश्वर नोकरीला लागून इलेक्ट्रॉनिक सिटीला गेला आणि वर्ग शेवटच्या वर्षाच्या दिव्यश्रीकडे आला. ही शंभूराजासारखीच इथल्या जुन्या मराठी घरातली. आवाज हळू, अक्षर मोत्यासारखं. सगळी तिला अक्का म्हणायची. तिच्या वर्गात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाची सात-आठ मुलं यायची. त्यात बेळ्ळंदूरहून ट्रॅफिकमधून सुटून धापा टाकत येणारा आशय होता. हुशार, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकायची त्याला भारी खोड. आणि होती शमिका.

शमिकाचे वडील उमाकांत सरकारी कारखान्यात इंजिनियर, बदली होऊन पुण्याहून आलेले. पोरगी बोलकी, गोड. पण खडू पुढे आला की हिची बाटली खाली पडायची, नाहीतर फोन वाजायचा, नाहीतर हिला शिंक यायची. तुळईवर, म्हणजे बीमवर, भार पडला की ती कुठे किती ताणली जाते, हा तिचा विषय दोनदा राहिला होता. एप्रिलमध्ये सगळे गेल्यावर ती दिव्यश्रीजवळ थांबली.

"अक्का, हा माझा लास्ट चान्स आहे," ती म्हणाली. "या वेळी नाही निघाला तर थर्ड इयरला बसूच देणार नाहीत. अख्खं वर्ष जाणार. बाबांना मी प्रॉमिस केलंय गं."

दिव्यश्रीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "स्वल्प धीर धर," म्हणाली. पण मला तिचा चेहरा दिसत होता. तिचाच धीर सुटला होता.

आणि पुढच्या रविवारी, मित्रांनो, तिनं खडू उचलला.

चूक मायेपोटी झाली, म्हणून तर ती कुणाला दिसली नाही. गेल्या पाच वर्षांचे पेपर तिनं रात्ररात्र सोडवून आणले होते. एकेक गणित त्या मोत्यासारख्या अक्षरात तिनं माझ्यावर मांडलं. आकृत्या पट्टीनं आखलेल्या, उत्तराला दुहेरी चौकट. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो. इतक्या वर्षांत इतकं देखणं मला कुणी केलं नव्हतं. मुलं उठून उठून माझे फोटो काढायला लागली. बातमी पसरली, आठाची तीस मुलं झाली, दारात उभी राहायला लागली. वह्या मिटणं बंद झालं, आठवून लिहिणं बंद झालं. शमिका पहिल्या बाकावर बसायची, रंगीत पेनांनी सगळं उतरवून घ्यायची आणि म्हणायची, "अक्का, आता सगळं क्लिअर झालं."

मी तिचा चेहरा बघत होतो. तो निवांत होता, आणि त्याचीच मला धडकी भरली. कळलेल्या माणसाच्या कपाळावर आधी एक आठी येते, मग ती जाते. इथे आठीच येत नव्हती. ओळखीचं दिसतंय म्हणजे येतंय, असं तिला वाटत होतं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं चाललं होतं आणि ओंजळ उद्या परीक्षेला बरोबर जाणार नव्हती. मला ओरडावंसं वाटलं. मी नुसता डाव्या हुकावर किंचित कुरकुरलो. रत्नाबाई झाडत होत्या, त्या म्हणाल्या, "काय झालं रे तुला?" आणि फडकं फिरवून गेल्या.

मुख्य परीक्षेला अकरा दिवस राहिले तेव्हा कॉलेजच्या सराव परीक्षेचा निकाल लागला. शमिकाला पन्नासपैकी सहा.

त्या संध्याकाळी ती खोलीत आली तेव्हा दिव्यश्री एकटीच बसली होती. शमिकाचे ओठ पांढरे पडले होते.

"फोटो बघितला की सगळं येतं गं," ती म्हणाली. "पेपर समोर आला आणि ब्लँक. एक लाइन नाही सुचली. गणित तेच होतं अक्का, फक्त भार दुसरीकडे होता."

दिव्यश्रीनं माझ्यावरच्या आपल्याच अक्षराकडे बघितलं. मग उठली आणि हातानंच सगळं पुसून टाकलं. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी भ्याले. तुझं वर्ष जाईल म्हणून भ्याले, आणि तुझा घास मीच चावून दिला. उद्या सकाळी आठला ये. खडू तुझ्या हातात."

"मला नाही जमणार."

"सरी. न जमणारंच घेऊन ये."

रात्रभर मला झोप नाही. फळ्याला झोप कसली, असं म्हणाल. पण काळजी लागली की लाकडालाही लागते. अकरा दिवसांत काय होणार, हेच घोळत होतं. पोरगी आलीच नाही तर?

आली. निरोप सगळ्यांना गेला होता, पण तीस मुलांतली सहाच आली, बाकीच्यांना फोटो पुरे होते. शमिका माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं खडू माझ्यावर टेकवला मात्र, तो मोडला. तिनं दुसरा तुकडा उचलला, तोही दोनदा टेकवून मागे घेतला. दिव्यश्री शेवटच्या बाकावर स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, चुकून पुढे यायला नकोत म्हणून.

"काय येतं ते लिही," दिव्यश्री म्हणाली.

"काहीच येत नाही."

"बीमचं चित्र?"

"ते येतं." तिनं एक आडवी रेघ काढली, खाली दोन टेकू काढले, वर एक बाण. आणि थांबली. "पुढचा फॉर्म्युला आठवत नाहीये."

विश्वेश्वराच्या वेळचा नियम होता, मनातल्या मनात वीस मोजायचे, मगच तोंड उघडायचं. ते वीस आकडे माझ्या जन्मातले सर्वांत लांब. आशयच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसत होतं. मी म्हटलं, संपलं, हा आता फेकणार आणि ही पुन्हा मान हलवणार. आशयनं ते उत्तर गिळलं.

"शमिका," तो म्हणाला, "हा बोर्ड कशावर टांगलाय?"

"दोन हुकांवर."

"मग त्याच्या खडूच्या पट्टीवर डावीकडे जोर दे. कुठला हुक जास्त ओढला जाईल?"

काळजात धस्स झालं माझ्या. अरे गाढवा, उदाहरणाला जगात दुसरं काही मिळालं नाही का? पण शमिकानं दोन्ही हात पट्टीवर ठेवले आणि भार टाकला. डावा हुक करकरला, भिंतीची माती भुरभुरली. मी देवाचं नाव घेतलं.

"डावा," ती म्हणाली. तिच्या कपाळावर आठी आली होती. "पण उजव्यालाही थोडा येतोय. म्हणजे वाटून जातोय. जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी." तिनं वितीनं मला मोजलं. हात डाव्या हुकापासून लांबीच्या पाव अंतरावर होता. ती पुटपुटत लिहायला लागली. हाताचा जोर बारा किलो धर. डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. बोर्ड स्वतः वीस किलोचा, त्याचे दहा-दहा. मग तिनं दोन्ही हुकांची बेरीज केली, ती बत्तीस आली, आणि तिनं मागे वळून विचारलं, "अक्का, हे बरोबर आहे?"

"तू सांग."

शमिकानं पुन्हा बघितलं. "बारा आणि वीस बत्तीस. बरोबर आहे." त्या एका गणिताला पन्नास मिनिटं लागली. आठी हळूहळू गेली. मी पहिल्यांदाच हुकाचं भय विसरलो.

पुढचे नऊ दिवस रोज सकाळी आठ ते नऊ. कधी काल केलेलं आज न बघता पुन्हा, कधी मुद्दाम चार दिवसांपूर्वीचं, अर्धवट विसरलेलं. एका जातीची पाच गणितं ओळीनं करायची नाहीत, मिसळून करायची, म्हणजे आधी ओळखावं लागतं समोर आहे काय. शमिका चुकायची. चिडायची. एकदा डस्टर आपटून निघून गेली आणि दहा मिनिटांनी दोन चहा घेऊन परत आली. माझ्यावर इतकी खाडाखोड झाली की मी मूळचा काळा होतो हेच कळेना. आशयला ती 'पण का?' विचारून विचारून भंडावून सोडायची, आणि दोनदा त्याचं उत्तर त्याला स्वतःलाच देता आलं नाही.

मग परीक्षा झाली आणि खोलीला कुलूप लागलं. फळ्याला निकाल कळवायला कोण येतं? दीड महिना मी तिचं शेवटचं अर्धवट गणित अंगावर घेऊन अंधारात लटकत होतो. पोरीचं वर्ष गेलं असेल. बापासमोर मान खाली घालून बसली असेल. पुन्हा या दारातून येणारच नाही. मनी नाही नाही ते येत होतं, आणि मनाला कडी लावायची सोय शंभूराजानं केली नव्हती.

जूनच्या शेवटी कुलूप निघालं. दिव्यश्री एकटीच आत आली आणि बाकावर बसली. चेहऱ्यावरून काही कळेना. थोड्या वेळानं शमिका आली.

"अक्का, निघाला," ती म्हणाली. "शंभरपैकी बावन्न."

दिव्यश्रीनं डोळे मिटले. मग विचारलं, "बीमचं कुठलं आलं होतं?"

"आपण केलेलं एकही नाही," शमिका म्हणाली. "असलं काहीतरी होतं जे मी जन्मात बघितलं नव्हतं. दहा मिनिटं नुसती पेपरकडे बघत होते. मग स्वतःलाच विचारलं, हे कशावर टेकलंय? तिथून सुरुवात केली."

दिव्यश्रीनं ओढणीनं डोळे पुसले.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने फळे शेवटी सांगतात, आम्हाला जपा, रंग द्या, कोपऱ्यात टाकू नका. रंग दिलात तर नको म्हणणार नाही. हुकाचंही कुणीतरी बघा बुवा. पण मला खरं जपायचं असेल तर माझे फोटो काढून निघून जाऊ नका. जे येत नाही ते घेऊन या, आणि ते माझ्यावर चुकीचं लिहा. शेवटच्या बाकावरच्या शहाण्यांनो, तुम्ही वीस मोजा. समोरचा अडला असेल, तुम्हाला दया येईल, हात शिवशिवतील, तरी मोजा. शमिकाच्या वेळी तुमच्यापेक्षा मी जास्त घाबरलो होतो, आणि तरी मी तिला एक अक्षरही सांगितलं नाही.