तरुण राष्ट्राचे पहिले अध्यक्ष

“राष्ट्रं खुर्चीवर बसणाऱ्यांमुळे मोठी होत नाहीत, खुर्चीवरून उठणाऱ्यांमुळे होतात,” बापूसाहेब गरजले, आणि समोरच्या एकोणीस श्रोत्यांपैकी बारा लगेच उठले. दाराशी चहा आला होता.

बापूसाहेबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला, त्यामुळे माणसं उठून जाण्याची त्यांना सवय होती. आज मात्र त्यांना एकाच माणसाला उठवायचं होतं. राजापेठेतल्या ‘तरुण राष्ट्र’ वाचनालयाचे पंजाबराव स्थापनेपासून, म्हणजे चौतीस वर्षं, अध्यक्ष होते. आणि वाचनाची खोली त्यांनी विपुलच्या शिकवणी वर्गाला देऊ केली होती. व्याख्यानाला जोडूनच वार्षिक सभा होती. अध्यक्ष बदलला तरच खोली वाचणार. तोंडावर ‘उतरा’ म्हणणं बरं दिसेना, म्हणून बापूसाहेबांनी अमेरिकेवरून वळसा घेतला. विषय दिला, ‘एका तरुण राष्ट्राचे पहिले अध्यक्ष’.

ग्रंथपाल श्यामनं फलकावर पंजाबरावांचा फोटो चिकटवला. मग ‘एका’ला जागा उरली नाही.

बापूसाहेबांनी वॉशिंग्टन रंगवला. कालपरवा जन्मलेला देश, युरोपातल्या भांडणात न पडण्याचा शहाणपणा, आणि दोन मुदती झाल्यावर, लोक राहा म्हणत असताना, घरी जाणं.

“घरी कावून गेला?” पंजाबरावांनी पहिल्या रांगेतून विचारलं. “तब्येत बरी नव्हती का?”

“नव्या देशाला अध्यक्ष बदलायची सवय लागावी म्हणून.”

“मंग?”

“मग देश वाढला.”

“म्हंजे पाया पयल्याचाच.” पंजाबरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. “सर, तुमी मले लाजवून राहिले.”

टाळ्या पडल्या. पंजाबरावांच्या पत्नी गोदाबाई, सभासद क्रमांक दोन, उभ्या राहिल्या. “त्या अमेरिकेवाल्याची बायको कशी होती, मले माईत नाई. पन यायले घरी पाठवू नका. तहहयात अध्यक्ष करा अन् मोकळे व्हा.”

“अहो, माझं म्हणणं नेमकं उलट...” बापूसाहेब म्हणाले, पण तोवर माइकवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली होती आणि हात वर झाले होते.

श्याम इतिवृत्ताची वही घेऊन आला. “अनुमोदक म्हणून तुमचंच नाव टाकलं सर. पाऊण तास बोलले तुमी. दुसऱ्याचं टाकणं बरं नसतं दिसलं.”

“खोड ते.”

“वहीत खाडाखोड नाई करायची, हे तुमीच शिकवलं आमाले. सातवी ब.”

बापूसाहेब वाचनाच्या खोलीत जाऊन खिडकीजवळच्या बाकावर बसले आणि पेपर उघडून एकच ओळ वाचत राहिले. थोड्या वेळानं विपुल आला, वाकून पाया पडला.

“सर, तुमच्यामुळं झालं. पंजाबराव ऐनवेळी मागं सरतात का, अशी धाकधूक होती.”

मग त्यानं खिशातून मोजायची टेप काढली, भिंतीपासून ओढत बाकापर्यंत आणली आणि थांबला.

“सर, पाय जरा वर घेता का?”