छातीवरचा घट्टा

"चला बाई, आत चला. वरचे कपडे काढून गाऊन घाला," सिस्टर मिस्त्रींच्या बायकोला म्हणाली आणि मिस्त्री उठून उभे राहिले.

"काका, तुम्ही बसा बाहेर. बायकांचा विभाग आहे हा."

"पेशंट मी आहे," मिस्त्री म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला ते अख्ख्या बाकाने ऐकलं. कोपऱ्यातल्या बाईंनी मासिकात तोंड खुपसलं. सिस्टर नवी होती. ती गोरीमोरी झाली आणि गाऊन उलटा की सुलटा हे उगाचच तपासत राहिली.

मिस्त्री सुतार होते, खिडक्यांच्या चौकटी आणि दारं करणारे. चौकटीला भोकं पाडायला त्यांच्याकडे बापाच्या हातचं जुनं गिरमिट होतं. त्याचा लाकडी गोळा छातीला टेकवायचा, सगळं अंग त्यावर रेलायचं आणि हाताने दांडा फिरवायचा. वर्षानुवर्षं तेच केलं की डाव्या छातीवर कातडी जाड होते, घट्टा पडतो. सुतारांत या घट्ट्याचा मोठा रुबाब. मिस्त्रींचे वडील तर सदऱ्याची बटणं उघडी टाकूनच हिंडायचे. घट्टा पडला नाही तोवर पोरगं शिकाऊ, असं ते म्हणायचे. मशीन आल्यावरही मिस्त्रींनी गिरमिट सोडलं नाही ते काहीसं त्यापायी.

म्हणून घट्ट्याच्या मागे जेव्हा सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं, तेव्हा मिस्त्रींना काळजी वाटली नाही. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, छातीत गाठ होती, काढली. लोकांनी आपापल्या परीने ती फुप्फुसात नेऊन ठेवली. शेजारच्या चहावाल्याने बिडी कशी वाईट यावर त्यांना ऐकवून घेतलं. जन्मात एक बिडी न ओढलेले मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. फुकटची बदनामी परवडली, पण खरं नाव तोंडातून निघत नव्हतं. मुलीलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

आत डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले, रिपोर्ट पुढे ओढला.

"स्तनाचा कॅन्सर पुरुषांत क्वचितच होतो. अशा शंभर पेशंटांत एखादा पुरुष. त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही. बोंडामागे कडक गाठ, ती दुखत नाही. बोंड आत ओढलं जातं. कधी रक्त येतं. हे होत होतं ना?"

"बनियनला डाग पडायचा. मला वाटलं, घट्टा सोलवटला."

"किती दिवस?"

"दोनेक वर्षं असतील," बायको म्हणाली. "बनियन मीच धुवायचे. डाग निघून जायचा हो, म्हणून मी..."

"लवकर आला असतात तर बहुधा पूर्ण बरे झाला असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बायकांना जितका गुण येतो तितकाच पुरुषांनाही येतो. पण पुरुष उशिरा येतात. तुमचा काखेतल्या गाठींपर्यंत गेलाय. आता किरणांचे शेक घ्यायचे, मग काही वर्षं गोळ्या. पुष्कळ माणसं चांगली जगतात. पण परत उलटण्याची भीती तुमच्या बाबतीत जास्त आहे, तेही सांगायला हवं. घरात आणखी कुणाला होतं का असं काही?"

"नाही. वडिलांना नुसता घट्टा होता," मिस्त्री सवयीने ताठ बसून म्हणाले. "माझ्याहून मोठा. शेवटी शेवटी त्यातून पाणी..." वडील पाठीच्या दुखण्याने गेले, असं घरात सगळे म्हणत. पाठ का दुखत होती, ते कुणी विचारलंच नव्हतं.

"ते आता नक्की सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुमच्या रक्ताच्या तपासणीत आनुवंशिक दोष निघालाय. तो बापाकडून मुलाकडे येऊ शकतो, मुलाकडून त्याच्या मुलांकडे. येतोच असं नाही, निम्मी शक्यता. मूलबाळ?"

"एक मुलगी," बायकोने सांगितलं.

"तिला घेऊन या. दोष आला असेल तर तिला धोका तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण आधी कळलं तर करता येण्यासारखं खूप आहे."

परत येताना बायकोने विचारलं, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"काय सांगायचं? बापाला बायकांचा रोग झाला म्हणून?"

"अहो, रोगाला काय बाई आणि काय बाप्या." मग ती म्हणाली, "मी सांगेन. पण घट्ट्याचं तिला तुम्ही शिकवलंत."

मुलीला घरात टकळी म्हणत. शाळा संपल्यापासून ती बापाच्या कारखान्यातच होती. तोंड आणि हात दोन्ही सारखेच चालत. ते पोचले तेव्हा ती एका चौकटीवर वाकली होती. मशीन कोपऱ्यात शिरत नव्हतं, म्हणून तिने खुंटीवरचं गिरमिट काढलं होतं आणि गोळा छातीला टेकवून रेलली होती.

"आलात? टाके सुकले ना? ते जिन्यावरच्या चौकटीचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं बाबा, मी म्हटलं उद्या देते, तर म्हणतं कसं..."

"खाली ठेव ते."

"एकच भोक राहिलंय."

"ठेव म्हटलं ना."

तिने ठेवलं. लहानपणी ती फ्रॉकचा गळा ओढून विचारायची, बाबा, पडला का? मिस्त्री अंगठ्याने दाबून पाहायचे आणि म्हणायचे, अजून नाही, पडेल, पडेल. किती प्रेमाने म्हणायचे. आज त्या प्रेमाचीच त्यांना भीती वाटली.

त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. वरचं सुटलं, दुसरं सुटेना. बायकोने ते काढून दिलं. डाव्या बाजूला काहीच नव्हतं. घट्टा नव्हता, बोंड नव्हतं, काखेपर्यंत नुसती एक लाल रेघ.

"फुप्फुसाचं खोटं होतं," ते म्हणाले. "बायकांना होतो तो कॅन्सर. मला झाला. आजोबांनाही तोच झाला असेल, आम्ही त्याला घट्टा म्हणत बसलो. तुला होऊ शकतो. उद्या रक्त द्यायला जायचंय." आणि मग, "तुला ते नको होतं शिकवायला मी. चुकलो बघ."

टकळीचा हात स्वतःच्या कुडत्याच्या आत गेला आणि डाव्या बाजूला थांबला. मग तिने तो बाहेर काढला.

"सकाळी किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"लवकर. रांग असते."

"मग हे आत्ताच संपवायला हवं."

तिने गिरमिट उचललं. छातीशी नेता नेता थांबली, आणि गोळ्यावर नुसता तळवा ठेवून दांडा फिरवू लागली. तळव्यात तेवढा जोर कुठला! गिरमिट घसरलं, भोक तिरकं गेलं. तिने बापाकडे पाहिलं. केसाइतकं तिरकं भोक दिसलं तरी मिस्त्री चौकट मोडायला लावायचे, सगळ्या धंद्यात त्यांची तशी ख्याती होती.

मिस्त्रींनी सदऱ्याची बटणं लावली, पेटीतून एक लाकडी खुंटी काढली, ती त्या तिरक्या भोकात बसेल अशी तासली आणि तिच्या हातात दिली.

"चालेल," ते म्हणाले. "ठोक."