वाऱ्याकडची बाजू

शिडाच्या जहाजांच्या युद्धखेळातून वाराच वगळा, असे सुचवणाऱ्या माणसाला जेवायला बोलावणे प्राध्यापकांच्या तत्त्वात बसत नव्हते. पण तो माणूस पत्नीचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि त्यांनी रचलेला खेळ छापायला तयार झालेलाही तोच एकटा. तेव्हा तत्त्वे बाजूला सरली आणि ताटे मांडली गेली.

मेहुण्याचा पटावरच्या खेळांचा कारखाना होता. नियमांची जाडजूड पुस्तिका म्हणजे त्याच्या मते गिऱ्हाइकाला दिलेली शिक्षा, आणि तीही निम्मी वाऱ्यापायी. प्राध्यापकांनी त्याच वाऱ्यासाठी जुन्या दर्यावर्दींच्या रोजनिशा वाचण्यात उमेदीची वर्षे घातली होती. त्यांच्या लेखी वाऱ्याविना शिडाचे जहाज म्हणजे तरंगते कपाट. गैरसोयीचे तेवढे गाळून उरलेला इतिहास डब्यात भरून विकणाऱ्या या युगावर त्यांनी मनातल्या मनात एक जळजळीत प्रस्तावनाही रचून ठेवली होती.

अखेर तडजोड ठरली. जेवणानंतर एक डाव खेळायचा. मेहुण्याला मजा आली तर वारा राहील. कंटाळा आला तर वाऱ्याचे पत्ते जातील आणि त्यांच्या जागी एक फासा येईल.

"अहो, आज त्याला जिंकू द्या," पत्नी स्वयंपाकघरात कुजबुजली.

"म्हणजे इतिहास खोटा पाडू?"

"इतिहास नाही हो, डाव! आणि व्याख्यान झोडू नका. मागच्या वेळी बिचारा बसल्या बसल्या घोरत होता."

प्राध्यापकांनी दोन्ही सल्ले ऐकले आणि एकही मानला नाही. आपली लाकडी जहाजे त्यांनी पटावर वारा येतो त्या बाजूला नेली आणि ही बाजू मिळवण्यासाठी नौसेनापती का धडपडत, हे सविस्तर सांगायला घेतले. वारा पाठीशी असला की शत्रूवर केव्हा तुटून पडायचे ते आपण ठरवतो.

"भाऊजी, झोपायचा नियम कितव्या पानावर आहे?" मेहुण्याने जांभई दिली आणि पुढचा पत्ता उलटला. जोराचा वारा.

प्राध्यापकांना चेव आला. त्यांची जहाजे सरसावली, शत्रूला समांतर झाली. "आता खालच्या रांगेतल्या जड तोफा, सगळ्या एकदम!" त्यांनी फासे उचलले.

"थांबा. वारा तुमच्याकडून माझ्याकडे येतोय ना?"

"अर्थात. तोच तर लाभ."

"मग तुमची जहाजं माझ्याच अंगावर कलणार. खालच्या तोफांची तोंडं पाण्याला टेकली! तोफांपुढच्या झडपा उघडाल तर समुद्र आत. माझी जहाजं पलीकडे कललीत, म्हणून माझ्या तोफा वर, मोकळ्या. तुम्हीच लिहिलंय."

"तू पुस्तिका वाचलीस?"

"वारा काढायचा तर तो कुठं कुठं घुसलाय ते बघायला नको? काल दिवसभर तेच करत होतो."

इतक्या बारकाईने आपल्याला कोणी वाचेल, अशी अपेक्षा प्राध्यापकांनी विद्यापीठात कधीच सोडून दिली होती. मेहुण्याने फासे टाकले आणि तो खुर्चीवरून उडालाच. "गेली! डोलकाठी गेली! ताई, ये लवकर, तुझा नवरा बुडतोय!"

"एक मिनिट," प्राध्यापक करड्या आवाजात म्हणाले. "जहाज नुकतंच वळलेलं असताना या नियमाला अपवाद हवा. किंबहुना हा नियमच जाचक आहे. मी तो उद्या काढून..."

"खबरदार! वाऱ्याच्या एका ओळीला जरी हात लावलात तर! आहे तस्संच छापणार."

मग प्राध्यापकांना हसू आवरेना. पत्नी हात पुसत दारात आली.

"शहाणे झालात म्हणायचं! मुद्दाम हरलात ना?"

"मुद्दाम?" प्राध्यापक दुखावले. "मी पूर्ण ताकदीनिशी हरलो आहे!"

मेहुणा जहाजे पुन्हा मांडूही लागला होता. "या डावाला वाऱ्याकडची बाजू माझी बरं का, भाऊजी."

प्राध्यापकांनी ती अत्यंत औदार्याने देऊ केली आणि पत्ते पिसायला घेतले.