भेगेवरची काच

मी बोलतेय, भेगेवर चिकटवलेली काच. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. खिडकीला काच बसवताना उरलेला तुकडा मी. कचऱ्यात जायची, ती या डोंगराच्या कड्यावर, जमिनीला पडलेल्या भेगेवर आले.

जागा मात्र अशी मिळाली की बघतच राहावं. पुढे कडा सरळ तुटलेला, तांबड्या-करड्या थरांचा. खूप खाली, अरुंद दरीतून वळणं घेत नदी जाते. ऊन आधी समोरच्या माथ्याला लागतं आणि उतरत उतरत नदीपर्यंत पोचायला दुपार होते. पाणी खडकांवर आदळताना दिसतं, पण आवाज वर येत नाही. लोक लांबून येतात, "अहाहा!" म्हणतात आणि लगेच त्याच दरीकडे पाठ करून फोटोला उभे राहतात.

फोटो काढते ती इथल्या रखवालदाराची थोरली बहीण. तिचं स्टूल भेगेच्या पलीकडे, कड्यालगत. तिथून म्हणे नदीचं वळण पुरतं येतं.

इंजिनिअर साहेबांनी माझी दोन टोकं भेगेच्या दोन काठांना सिमेंटने पक्की केली. तेव्हाच्या रखवालदाराला म्हणाले, "कडा सरकला की ही तुटेल. तुटली की पलीकडे कुणालाही सोडायचं नाही." म्हणजे जन्मभराचं काम एकच, वेळेवर तुटणं. तो म्हातारा निवृत्त होताना नव्याला एवढंच म्हणाला, "ही साहेबांची काच. जप बाबा हिला." कशासाठी, ते सांगायचं राहून गेलं.

नव्याने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. रोज सकाळी सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

गेल्या आठवड्यात मी तुटले. कुणाचा धक्का नाही, काही नाही. नुसतं 'टक्' झालं. वाटलं, आता हा सगळ्यांना मागे बोलावणार.

"कुणी पाय दिला हिच्यावर?" त्याचा चेहराच पडला.

"साहेबांना सांगून टाक," बहीण म्हणाली.

"आणि बोलणी कोण खाणार, तू?"

त्याने गोंद आणून मला असं बेमालूम जोडलं, की दोन दिवसांनी साहेबांनी गाडीतूनच विचारलं, "काच शाबूत?" तेव्हा तो छाती काढून म्हणाला, "ओरखडासुद्धा नाही, साहेब!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज सकाळी मी पुन्हा तुटले. त्याने खिशातून गोंद काढला, उकिडवा बसला. पण माझे दोन तुकडे आता एकमेकांना पोचत नाहीत. मध्ये बोट जाईल एवढी फट. तो पहिल्यांदाच मला सोडून भेगेकडे बघतोय. गोंदाची नळी हातातून पडली.

"ताई, इकडे ये."

"थांब रे. पोर हललं, परत काढते."

"फोटो मरू दे! सगळ्यांना घेऊन ये आधी!"

कड्यावरून एक खडा घरंगळला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. ती अजून कॅमेऱ्यातच बघतेय.

मी माझं काम दोनदा केलं. आता तिने मान वर करावी, एवढंच.