खलास म्हटल्यावर

“खलास, मॅडम. माफ केलं मी,” जहूर म्हणाला आणि उठलाच. सुपरवायझर दयानंदनं सुटकेचा निःश्वास सोडत हात पुढे केला. लॅपटॉपच्या पडद्यावर पुण्याहून बघणाऱ्या रेखाताई समाधानानं हसल्या. आखाती देशातल्या गाला भागातल्या गॅरेजच्या मागच्या खोलीत, चहा निवायच्या आत भांडण मिटलं होतं. आणखी काय हवं?

तृप्तीनं फक्त मान हलवायची होती. समेट घडवणारी फॅसिलिटेटर म्हणून तिचं सर्टिफिकेट या महिन्यात संपत होतं, आणि ते रिन्यू व्हायला रेखाताईंच्या देखत एक बैठक पार पाडायची होती. नोकरी तिची कंपनीच्या ऑफिसातली. हे काम तिनं हट्टानं अंगावर घेतलेलं. त्याआधी इथं भांडण झालं की एकाच्या हातात गावाकडचं तिकीट पडायचं. ‘कागद चालू आहे तोवर भांडणं तुझ्याकडे,’ असं अर्बाबनं, म्हणजे कंपनीच्या मालकानं, बजावलं होतं. तिचा नवरा लोकेश सकाळीच म्हणाला होता, “त्यांनी हात मिळवले की तू ऊठ. उगाच खपली काढत बसू नकोस.” पण बाई भारी चिवट.

“जहूरभाई, जरा बसा,” ती म्हणाली. “माफ केलंत, चांगलं झालं. पण त्या दिवसापासून तुमचं काय बिघडलं, ते अजून कुणी ऐकलंच नाही.”

“मिटलंय ना आता?” दयानंद कुरकुरला. “सॉरी म्हणालो की मी.”

गिऱ्हाइकाचं घड्याळ हरवलं, तेव्हा दयानंदनं चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत जहूरची बॅग उलटी केली होती. घड्याळ नंतर गाडीच्या सीटखालीच सापडलं.

जहूर बसला. रत्नागिरीकडचा हा जुना मेकॅनिक एरवी बोलायला लागला की थांबायचा नाही. आता नुसता बोटांवरचं ग्रीस पुसत राहिला. पडद्यावर रेखाताईंनी चष्मा सावरला.

“पोरीच्या शाळेत कुणीतरी सांगितलान,” तो शेवटी म्हणाला. “घरी येऊन तिनं इचारलान, अब्बा, तुम्ही घेतलंत काय? नाय म्हणालो. ती ओके म्हणाली. आता रोज माझा डबा तीच भरते, लय लाडानं. मला ता बघवत नाय.”

“मग काय झालं म्हणजे बरं वाटेल तुम्हाला?”

“यांनी सगळ्यांसमोर बोलावं. त्याच टेबलाजवळ.”

“सगळ्यांसमोर?” दयानंद उठला. “मग उद्या माझं ऐकणार कोण?” आणि दार आपटून तो निघून गेला.

रेखाताई हळहळल्या. “तृप्ती, जुळलं होतं गं. आता पास कसं लिहू मी?”

“नका लिहू, ताई.” तृप्तीला रडू आवरेना. “पण जुळलं होतं असंही लिहू नका. मी पुन्हा अर्ज करीन. होईपर्यंत करीन.”

सर्टिफिकेट संपलं. अर्बाबनं खांदे उडवले. “खलास. गॅरेजमधल्या तुझ्या बैठकीच्या खुर्च्या ऑफिसात परत आणून टाक.”

पुढच्या आठवड्यात ती खुर्च्या न्यायला गेली, तेव्हा चहाची सुट्टी झाली होती. सगळे टेबलाभोवती होते. दयानंद पुढे झाला आणि कुणाकडे न बघता त्यानं स्वतःची बॅग टेबलावर उलटी केली. टॉवेल पडला, चेपलेला डबा पडला, बीपीच्या गोळ्या पडल्या.

“जहूरनं काही घेतलं नव्हतं,” तो म्हणाला. “गाडी आधी नीट बघायला हवी होती, मी बघितली नाही. चूक माझी आहे.”

कपातला चहा कुणी पिईना. जहूर पुढे आला. या खेपेला तो खलास म्हणाला नाही. त्यानं टॉवेलची घडी घातली, गोळ्या डब्याशेजारी नीट ठेवल्या, बॅगची चेन लावली आणि ती दोन्ही हातांनी दयानंदला दिली.

तृप्तीनं मागच्या खोलीचा दिवा लावला. एकमेकींवर रचलेल्या खुर्च्या तिनं पुन्हा समोरासमोर मांडल्या आणि रिकाम्या हातानं ती ऑफिसात परत गेली.